देसकाराची टेप

गेल्या श्रावणात आमच्या भाचीचा फोन आला. "मामा, क्लाससाठी रेकॉर्डर घ्यायचाय. कुठला घेऊ?" भाची दोन वर्षांपासून ख्याल शिकते आहे. आम्ही कधीकाळी चौदा वर्षे एका बाईंकडे तालीम घेतली, एवढ्या भांडवलावर ती आम्हाला या विषयातले जाणकार समजते. प्रश्न पाच शब्दांचा होता, पण उत्तर द्यायला आम्हाला तीन आठवडे लागले. यंत्रांची माहिती गोळा करण्यात त्यातले फारतर तीन दिवस गेले. उरलेला वेळ कशात गेला, त्याची ही हकीकत.

पहिले उत्तर आम्ही तत्काळ दिले होते. "फोन आहे की तुझ्याकडे. आणखी यंत्र कशाला?" त्यावर ती म्हणाली, "फोनवर तंबोरा नीट येतच नाही, मामा. मध्येच येतो, मध्येच जातो." तक्रार खरी आहे. २०२० साली सगळ्यांची तालीम पडद्यावर गेली, तेव्हा पुष्कळांना हा अनुभव आला. बोलण्यासाठी बनवलेल्या या व्यवस्था एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट असे धरून चालतात. पंखा, वातानुकूलन यंत्र, दूरची मोटार यांच्या रांगेत त्या तंबोऱ्यालाही बसवतात आणि पुसून टाकतात. ज्याच्या आधारावर सगळे गाणे उभे राहायचे तोच कचरा ठरतो. यंत्र मूर्ख नव्हे. त्याला कोणी तरी सांगितलेले असते की माणसाचे बोलणे तेवढे महत्त्वाचे. ध्वनिमुद्रण यंत्र निवडताना पहिला प्रश्न किमतीचा नसतो, हे आमच्या तिथेच लक्षात यायला हवे होते. या यंत्राच्या मते काय ऐकण्यासारखे आहे, हा पहिला प्रश्न. पण त्या क्षणी आम्हाला आठवले ते आमचे १९८८ सालचे यंत्र.

बाई सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात पहिल्या मजल्यावर राहत. सोबत त्यांची धाकटी बहीण असे. आम्ही १९८६ मध्ये त्यांच्याकडे जाऊ लागलो. पहिली दोन वर्षे वही नाही, टेप नाही. समोर बसायचे, ऐकायचे, म्हणायचे. चीज पाठ झाली की घरी जाऊन उतरवून काढायची मुभा होती, समोर बसून लिहायची नव्हती. पहिल्या पगारातून चार पैसे शिल्लक टाकून आम्ही तापकीर गल्लीतून एक लहानसा कॅसेट रेकॉर्डर आणला. दुकानदाराने त्याचा एक गुण पुन्हापुन्हा सांगितला होता. "साहेब, ह्याला आवाज लावायची भानगड नाही. हळू बोला, जोरात बोला, हा आपोआप सांभाळून घेतो." आपोआप सांभाळून घेणारे कोणी भेटले की माणूस भाळतो. आम्हीही भाळलो.

बाईंनी यंत्राकडे बराच वेळ पाहिले. मग अट घातली. "आण तू हे. पण तीन दिवस त्या टेपला हात लावायचा नाही. चौथ्या दिवशी गाऊन बघ काय उरलंय ते. मग ऐक." आम्ही मान डोलावली. त्याच रात्री घरी जाऊन टेप ऐकली, आणि पुढची बारा वर्षे नेमाने त्याच रात्री ऐकत राहिलो.

त्या 'आपोआप'चा अर्थ कळायला एक पावसाळा जावा लागला. बाई आजारी पडल्या आणि तालीम दोन महिने बंद राहिली. आमच्याजवळ देसकाराची एक कॅसेट होती. तिच्यावर आम्ही रोज पहाटे मेहनत करत होतो. वाचकांपैकी ज्यांचा संगीताशी परिचय नसेल त्यांच्यासाठी सांगायला हवे की देसकार आणि भूप यांचे स्वर तेच पाच आहेत: सा, रे, ग, प, ध. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देसकार सकाळचा. भूपात गंधारावर विसावायचे, देसकारात धैवतावर. स्वरांची यादी कागदावर लिहिली तर दोघांत काहीच फरक दिसत नाही. फरक असतो तो चलनात, वजनात, कुठे थांबायचे आणि कुठून नुसते जायचे यात. बाई देसकारात धैवत भरून लावत आणि गंधाराला येताना आवाज इतका आत घेत की तो स्वर लागला की नुसता दिसला, असा प्रश्न पडावा.

पाऊस ओसरला, बाई उठून बसल्या, आणि आम्ही मोठ्या उत्साहाने त्यांना देसकार ऐकवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "हा देसकार नव्हे रे. हा सकाळी उठलेला भूप आहे."

घरी येऊन टेप पुन्हा लावली तेव्हा अपराधी सापडला. बाईंचा धैवत आणि बाईंचा गंधार टेपेवर जवळजवळ एकाच उंचीचे होते. त्या यंत्रात आवाजाची पातळी आपोआप जुळवणारी सोय होती. आवाज चढला की ती त्याला खाली दाबी, उतरला की वर ओढून घेई. बाईंनी जे अंतर ठेवले होते ते तिने परिश्रमपूर्वक बुजवले होते. भाषणासाठी, वर्गातल्या व्याख्यानासाठी ही सोय उत्तम. वक्ता कोपऱ्यात गेला तरी शब्द कळतो. गाण्यात मात्र कुठला स्वर हळू लागला हाच अर्थाचा भाग असतो. दोन महिने आम्ही बाईंचे अनुकरण करत होतो असे आम्हाला वाटत होते. प्रत्यक्षात एका विद्युतमंडलाचे करत होतो. अर्थात सगळा दोष मंडलावर टाकणे बरे नव्हे. आमच्या कानांत बाईंचा तो गंधार असता, तर टेप खोटे सांगते आहे हे पहिल्याच दिवशी कळले असते. तो कानांत नव्हता.

यंत्राने गाण्याला आपल्या मापाने कापणे हे काही नवे नाही. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित झाले तेव्हा तिला कर्ण्यात तोंड घालून, तबकडीच्या तीनेक मिनिटांत राग संपवून, शेवटी इंग्रजीत स्वतःचे नाव पुकारावे लागले होते. विजेचे मायक्रोफोन १९२५ नंतर आले. तोवर कर्ण्याला कुजबूज कळत नसे. अल्लादियाखाँसाहेब १९४६ पर्यंत हयात होते, पण त्यांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका आपल्याजवळ नाही. उलट त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून निघाली, आणि ती आता सूर्याच्या प्रभावक्षेत्रापलीकडे पोहोचली आहे. गुरूचा एक षड्ज शिल्लक नाही आणि शिष्येची भैरवी आंतरतारकीय अवकाशात! आम्ही हे एकदा बाईंना सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, "तिथे ऐकायला कोण बसलंय?"

कॅसेटच्या बाकीच्या हालअपेष्टा सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून थोडक्यात. विलंबित ख्याल ऐन रंगात आला की तीस मिनिटे भरून खटका पडे. फीत गुंतली की पेन्सिल घालून फिरवत बसायचे. बॅटरी उतरली असताना मुद्रण केले तर फीत संथ चाले, आणि मग ताज्या बॅटरीवर ऐकताना बाईंची काळी चार पांढरी सहाच्या आसपास पोहोचे. आमची पट्टी काळी एक, म्हणजे बाईंच्या मध्यमाला आमचा षड्ज. त्या गणितात हा अर्ध्या स्वराचा घोळ मिसळला की तंबोरा कशाशी जुळवायचा हेच कळेनासे होई. पावसाळ्यात फितीला बुरशी येई. मिनिडिस्क १९९२ मध्ये आली, पण आमच्या खिशाला ती कधी पोहोचली नाही, आणि पोहोचेपर्यंत तिचाच काळ सरला. २०१३ मध्ये सोनीने तिची यंत्रे विकणे थांबवले.

बाई २००९ मध्ये गेल्या. आमच्याकडे त्यांच्या एकाहत्तर कॅसेट होत्या. २०१२ च्या उन्हाळ्यात आम्ही त्या संगणकावर उतरवून घ्यायला बसलो. हे काम घाईने होत नाही. साठ मिनिटांची टेप उतरवायला साठ मिनिटे लागतात आणि ती पुढे पळवता येत नाही. शिकत असताना आम्ही नेमके तेच करत असू: बाई गायल्या तेवढे ऐकायचे, मधले बोलणे, पाणी पिणे, तबला जुळवणे पुढे पळवायचे. आता प्रथमच त्या जागा ऐकल्या. यंत्राची ती आपोआप सोय इथे उलटी कामाला आली होती. बाई गायच्या थांबल्या की आवाज ओढून घेण्याच्या नादात यंत्राने सगळा वाडा आत घेतला होता. आधी तंबोरा फुगून वर येई, मग पंखा, मग खालच्या चौकातला नळ, हौदावर भांडी घासणारे कोणी, भाजीवाल्याची हाक. बाईंचा श्वाससुद्धा.

एकतिसाव्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला, साधारण विसाव्या मिनिटाला, आमचा आवाज येतो: "बाई, पाऊस आला, सायकल आत घेऊन येतो." जिन्यावर पावले वाजतात. टेप चालूच राहिलेली. तंबोरा वर येतो. मग स्वयंपाकघरातून बहिणीने काही तरी विचारलेले, अस्पष्ट. आणि बाईंचे उत्तर, हलक्या आवाजात, पण यंत्राने ओढून ओढून अगदी कानाशी आणून ठेवलेले:

"गळा आहे गं त्याला. पण ते डबडं चालू केलं की हा ऐकायचा थांबतो."

पुढे पुन्हा पावले, आम्ही परत येतो, आणि बाई काहीच झाले नाही अशा थाटात अंतरा सुरू करतात.

आम्ही ते वाक्य त्या दुपारी किती वेळा ऐकले ते सांगत नाही. बाईंनी ते आम्हाला तोंडावर कधीच म्हटले नव्हते. ते राखून ठेवले ते त्या डबड्यानेच, तेही आपल्या दोषामुळे. चांगले यंत्र असते तर ती कुजबूज कुजबूजच राहिली असती आणि फितीच्या सळसळीत बुडून गेली असती. त्यानंतर आम्ही स्वतःची एक परीक्षा घेतली. १९८६ ते १९८८ या टेपविना दोन वर्षांत मिळालेल्या चिजा आठवून कागदावर मांडल्या. सगळ्या आल्या, अंतऱ्यांसकट. कुठल्या दिवशी कुठे बसून घेतल्या तेही आठवले. मग नंतरच्या बारा वर्षांतल्या आठवू लागलो. मुखडे आले. अंतरे बहुतेक टेपेवर होते.

साहित्याच्या अभ्यासकांना यावर लीळाचरित्र आठवेल. म्हाइंभटांनी ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांच्याकडे जाऊन चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या, आणि जिथे एकाची आठवण दुसऱ्याहून वेगळी पडली तिथे महानुभावांनी ते पाठ 'वासना' म्हणून जपले. मूळ पोथी नाहीशी झाल्यावर हिराइसेच्या स्मरणातून ती पुन्हा उभी राहिली, असे परंपरा सांगते. तिथे पोथी स्मरणाच्या पोटातून आली होती. आमच्याकडे पोथी आधी आली आणि स्मरणाला कामच उरले नाही. बाईंच्या आणखी दोन शिष्या आहेत. त्यांनी टेप कधी वापरली नाही. तिघे एकत्र बसलो की एकाच बंदिशीचे त्यांचे दोन पाठ निघतात, थोडे वेगळे, दोन्ही बाईंचेच. तंटा मिटवायला त्या आमची टेप मागतात खऱ्या. पण टेप ऐकून झाल्यावर दोघींपैकी कोणीही आपला पाठ बदललेला आम्ही पाहिलेला नाही.

तर भाचीला काय सांगायचे? "टेप वापरू नकोस," असे सांगण्याचा अधिकार एकाहत्तर कॅसेट बाळगणाऱ्याला नाही. शिवाय ते खरेही नव्हे. तिची तालीम आठवड्यातून एकदा, पाऊण तास. आम्ही आठवड्यातून चार दिवस बाईंपुढे बसत होतो. तिला यंत्र लागणारच. मग ते निदान प्रामाणिक असावे.

आम्ही दुकानात गेलो तेव्हा पहिल्यांदा हातात ठेवले गेले ते बोलणे टिपण्याचे चपटे यंत्र, वार्ताहर वापरतात तसे. ते आम्ही परत केले. ही यंत्रे शब्दांसाठी असतात. खर्ज त्यांना पेलत नाही आणि जागा वाचवण्यासाठी ती आवाज आवळून ठेवतात. गाण्यासाठी वेगळा वर्ग आहे. झूम कंपनीचे एच ४ हे यंत्र २००६ मध्ये आणि एच २ हे २००७ मध्ये आले, तेव्हापासून मुठीत मावणारी, वर दोन मायक्रोफोन असलेली ही जात रुळली. टास्कॅमचीही तशीच यंत्रे आहेत. यांत पाहायचे ते एवढेच की आपोआप पातळी जुळवणारी सोय बंद करता येते का, आणि पातळी हाताने लावता येते का. बाकी सगळे दुय्यम. गुरूंना एकदा तार षड्ज लावायची विनंती करायची, त्या वेळी काटा शून्याच्या बराच खाली, उणे बाराच्या आसपास राहील असे बघायचे, आणि मग तासभर त्याला हात लावायचा नाही. अलीकडे ३२ बिट फ्लोट नावाची पद्धत लहान यंत्रांतही आली आहे, २०२४ चे झूम एच १ इसेन्शियल हे त्यातले. त्यात पातळी लावावीच लागत नाही. कुजबूज आणि तान दोन्ही आपापल्या प्रमाणात उतरतात, आणि ऐकताना हवे तेवढे मोठे करून घेता येते. इथेही दुकानदार म्हणाला, "काही बघायला नको." आम्ही दचकलो. पण हे 'काही बघायला नको' वेगळे आहे: जुने यंत्र अंतर बुजवत होते, हे ते तसेच ठेवते. आम्ही त्याच पद्धतीचे यंत्र घेतले.

साठवण आता प्रश्नच नाही. न आवळलेला, सीडीच्या दर्जाचा एक तास साधारण ६३५ एमबी घेतो. ३२ जीबीच्या कार्डावर असे पन्नास तास मावतात. आवळलेल्या फाइलींचा मोह तेवढ्यासाठी नको. यंत्र पेटीवर किंवा तंबोऱ्यालगत जमिनीवर ठेवायचे नाही, थरथर आत जाते. घडी घातलेल्या पंचावर, गाणाऱ्यापासून दोनेक हातांवर, तबल्याकडे पाठ करून ठेवावे. खालचे स्वर छाटण्याचा खटका पंख्याची घरघर घालवण्यासाठी असतो, तो बंद ठेवलेला बरा, नाहीतर घरघरीबरोबर जोडीच्या खर्जाचीही गत व्हायची. आणि ऐकायचे ते हेडफोनवर. या यंत्रांचे स्वतःचे कर्णे नखाएवढे असतात.

स्वतःचा रियाज टिपणे हे मात्र वेगळे प्रकरण आहे, आणि तिथे आम्ही यंत्राच्या बाजूचे आहोत. आपला आवाज आपल्याला हवेतून येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि हाडे त्यात खालच्या स्वरांची भर घालतात. म्हणून टेपेवरचा आपला आवाज पातळ, परका वाटतो. पण जगाला ऐकू येतो तो तोच. गाताना निषाद लागला असे वाटते. ऐकताना तो निषादाच्या अंगणात उभा असतो. कुठलाही गुरू इतक्या वेळा इतक्या निर्विकारपणे चूक दाखवणार नाही. बाईंकडे असताना आम्ही त्यांना टिपत राहिलो आणि स्वतःला एकदाही टिपले नाही, हे आता लिहिताना लक्षात येते आहे. असो.

यंत्र भाचीच्या हाती दिले. तिच्या गुरूंची परवानगी तिने आधीच घेतली होती. दोनदा विचारून ये, असे आम्ही बजावले होते, कारण हो म्हणणे आणि मनापासून हो म्हणणे यांत टेपेवर न येणारे अंतर असते. मग बाईंची तीन दिवसांची अट सांगितली. आम्ही ती पाळली नव्हती, हेही सांगितले. एकतिसावी कॅसेट मात्र ऐकवली नाही.

दसऱ्याच्या सुमारास एका रात्री तिचा फोन आला. "मामा, आज चौथा दिवस. अस्ताई आहे. अंतऱ्याची पहिली ओळ आहे. दुसरी गेली. ऐकू का आता?"

"आधी जेवढं आहे तेवढं म्हण," आम्ही म्हणालो.

तिने यंत्र बाजूला ठेवले असावे. टेबलावर काही तरी टेकल्याचा आवाज आला. मग ती गायला लागली. तिच्या खोलीत तंबोरा चालू होता, असे ती नंतर म्हणाली. फोनने तो संपूर्ण गिळला होता. आमच्यापर्यंत नुसता तिचाच आवाज येत होता. दुसऱ्या ओळीशी ती थांबली, पुन्हा मुखड्यावर गेली, पुन्हा थांबली. आम्ही काही बोललो नाही. तिसऱ्या खेपेला तिने ओळ सोडून नुसत्या आकाराने ती जागा भरली आणि समेवर आली.